फुटबॉलची राष्ट्रीय साखळी आणि तिच्यात राबणारी माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यासारख्या कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला फुटबॉलवर बोलायला सांगितले, तेव्हा मित्रमंडळींना गंमत वाटली. भोर-वेल्ह्याची माती कुस्तीची आणि कबड्डीची, तिथे हा विषय कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण आज भोरच्या कोणत्याही आळीत दहा वर्षांच्या पोराला विचारा, तो विलायतेतल्या चार संघांची नावे धडाधड सांगेल. आणि गेली काही वर्षे आमच्याकडे एक नवीनच प्रश्न घेऊन पालक येऊ लागले आहेत. मुलगा चेंडू चांगला खेळतो, पुण्याला अकादमीत घालावा म्हणतो, फी भरायची तयारी आहे. पण पुढे त्यात पोट भरेल का? प्रश्न पोटाचा आहे, म्हणजे तो आमच्या कामातलाच झाला. त्याचे उत्तर द्यायचे तर देशाची अव्वल फुटबॉल लीग कशी उभी राहिली आणि तिची रचना कशी आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

सामने भरवण्याच्या रीती मुख्यतः दोन. आपल्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत दोन्ही दिसतात, म्हणून नावे सर्वांच्या ओळखीची आहेत: एक बाद पद्धत आणि दुसरी साखळी. बाद पद्धत म्हणजे जत्रेतल्या फडासारखी. पाठ लागली की मल्ल लंगोट सोडून बाजूला. एका दुपारचा खेळ, त्यात कोणाचा पाय घसरला, कोणाला ऊन लागले, तरी निकाल तो निकाल. साखळी म्हणजे भाताचा हंगाम. रोहिणीत धूळवाफेवर पेरलेले तरवे, मग चिखलणी, आवणी, बेणणी, आणि दिवाळीच्या सुमारास झोडणी. एखादा आठवडा पावसाने दडी मारली म्हणून शेतकरी बाद होत नाही. साऱ्या हंगामाचे धान्य मोजून बरेवाईट ठरते. साखळीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो, बहुधा दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. बारा संघ असले तर प्रत्येकाच्या वाट्याला २२ सामने येतात आणि एकूण होतात १३२. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीस १, हरल्यास शून्य. दोघांचे गुण सारखे झाले तर कोठे दोघांतल्या सामन्यांचा निकाल पाहतात, कोठे केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करतात. आपल्याकडे पहिली रीत आधी लावतात. हंगाम संपतो तेव्हा जो वर तो विजेता. त्याला वेगळी अंतिम झुंज लागत नाही.

पूर्वी जिंकल्यास दोनच गुण मिळत. इंग्लंडने १९८१ साली तीन केले, कारण संघ बरोबरीवर समाधान मानून वेळ काढू लागले होते. हा फरक वरवर लहान दिसतो. पण मजुरीचा दर बदलला की काम करण्याची तऱ्हा बदलते, हे तुकड्यावर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता ही साखळी जन्मली कोठे आणि कशासाठी? ती जन्मली पगारापोटी, असे आम्ही म्हणतो. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर हा कापड गिरण्यांचा मुलूख. मुंबईच्या जुन्या गिरण्यांतले साचे याच मुलखातून बोटीने आले. तिथे १८५० च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतल्या बायका-मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले आणि पुढे ती अर्ध्या दिवसाची सवड इतरांपर्यंत पोचली. शनिवारची दुपार मोकळी झाली म्हणून हजारो कामगार मैदानाभोवती जमू लागले, तिकिटाचे पैसे गोळा होऊ लागले आणि चांगल्या खेळाडूला आडून पैसे देण्याची चाल पडली. १८८५ साली त्यांच्या फुटबॉल संघटनेने उघड पगार द्यायला परवानगी दिली. येथेच अडचण उभी राहिली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामने मात्र दर आठवड्याला होतील याची खात्री नाही. चषकात पहिल्याच फेरीत हरले की कमाई संपली. मैत्रीचे सामने ठरवावेत तर समोरचा संघ ऐन वेळी येत नसे. बर्मिंगहॅममधील विल्यम मॅकग्रेगर या कापड दुकानदाराने, जो ॲस्टन व्हिला संघाच्या कारभारात होता, १८८८ च्या मार्चमध्ये इतर संघांना पत्र धाडले, की आपण ठरावीक संघ मिळून वर्षाचे सामने बांधून घेऊ. बारा संघ जमले, सहा लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडचे. सप्टेंबरात सामने सुरू झाले. गंमत अशी की गुण कसे द्यायचे हे नोव्हेंबरात ठरले! प्रेस्टनचा संघ २२ सामन्यांत एकदाही न हरता पहिला आला. हीच जगातली पहिली फुटबॉल लीग.

१८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडली गेली आणि १८९८ पासून तळाचे संघ आपोआप खाली व दुसऱ्या श्रेणीतले पहिले आपोआप वर, हा नियम आला. कचेरीच्या भाषेत बढती आणि पदावनती. लीगचा सारा जीव या नियमात आहे. पहिल्या क्रमांकाची आशा संपली तरी तळाच्या संघाला शेवटच्या दिवसापर्यंत जीव तोडून खेळावे लागते. आणि कोठल्यातरी खेड्याच्या संघाला, पैशाने नव्हे, पायाने वर येण्याची वाट उघडी राहते. हा नियम ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी कहाणी त्याच्याभोवतीच फिरते.

आपल्याकडे फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर, आणि पलटणींना चषक प्रिय. सिमल्याचा ड्युरँड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड १८९३ ची. कलकत्त्यात १८९८ साली शहरापुरती लीगही सुरू झाली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून शील्ड जिंकली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापलीकडेही सर्वांना माहीत आहे. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत आपण सुवर्णपदक मिळवले, १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. हे सर्व झाले तेव्हा देशाला राष्ट्रीय लीग नव्हती. ती आली १९९६ साली.

एवढा उशीर का झाला? अंतरे मोठी, प्रवास रेल्वेचा, वर्ष चषकांनी भरलेले, ही कारणे सांगतात आणि ती खोटी नाहीत. आमच्या मते आणखी एक कारण आहे. आपला खेळाडू हा मुळात नोकरदार होता. मुंबईची हार्वूड लीग घ्या. तिच्यात टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, पुढे मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया असे आस्थापनांचे संघ खेळत. कूपरेजच्या मैदानावर संध्याकाळी खेळणारा माणूस सकाळी कोठल्यातरी हजेरीपटावर असे. त्याला कायम नोकरी खेळामुळे मिळालेली. कामावर सवलत, पण बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी पाय थकले तरी टेबल जात नसे, फंड आणि निवृत्ती जागेवर असे. पगार मोठा नव्हता. खेळही, खरे बोलायचे तर, हौशी वळणाचाच राहिला; सरावाला वेळ मिळत नसे आणि लहान मुलांचे संघ तयार करण्याची कोणाला गरज वाटत नसे. तरी ज्या घरात पोरगा खेळाच्या जोरावर बँकेत किंवा रेल्वेत चिकटला, त्या घराने त्या खेळाला आयुष्यभर दुवा दिला. भोर-वेल्ह्याच्या कबड्डीपटूंनाही ही वाट चांगली ठाऊक आहे.

१९९६ च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नॅशनल फुटबॉल लीग सुरू केली. पहिले विजेतेपद पटकावले पंजाबातील फगवाड्याच्या जे. सी. टी. या कापड गिरणीच्या संघाने, आणि त्या संघातून खेळणाऱ्या सिक्कीमच्या भायचुंग भुतियाने सर्वांत जास्त गोल केले. ही लीग अकरा हंगाम चालली. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या जुन्या संघांनी प्रत्येकी तीनदा ती जिंकली; गोव्याच्या खाणमालकांच्या घराण्यांचे साळगावकर आणि धेंपो हे संघही वर आले; आणि २००५-०६ साली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने विजेतेपद मिळवले. या लीगमध्ये आणि तिच्या मागून आलेल्या आय-लीगमध्ये मिळून महाराष्ट्राला लाभलेले ते एकमेव विजेतेपद. २००७-०८ पासून लीगचे नाव आय-लीग झाले, संघ दहावरून वाढत चौदापर्यंत गेले, दुसरी श्रेणी आणि वर-खाली होण्याचा नियमही होता. कागदावर पाहिले तर रचना इंग्लंडसारखीच.

मग बिघडले कोठे? बिघडले पायात. त्या बहुतेक संघांना सभासद नव्हते, मालक होता. महिंद्रचा संघ १९६२ साली स्थापन झालेला. २०१० साली कंपनीने तो बंद केला. जे. सी. टी. चा संघ २०११ साली बंद झाला. पहिल्या लीगचा विजेता पंधरा वर्षांत नाहीसा. महिंद्रचा संघ काही मैदानावर हरून खाली गेला नव्हता. कंपनीच्या हिशेबात तो नकोसा झाला, एवढेच. कारखाना नफ्यात असताना एखादे खाते बंद होते, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की कारखान्यात नोटीस, नुकसानभरपाई, कामगार आयुक्त अशी काही ना काही पायरी असते.

पुढे २०१३ साली मुंबईचाच एअर इंडियाचा आणि ओ. एन. जी. सी. चा संघ लीगबाहेर गेला. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी आल्या होत्या: संघ स्वतंत्र क्लब असावा, त्याचे युवक संघ असावेत, हिशेब वेगळे असावेत. अटी वाईट नाहीत. उलट त्यांच्यामुळे मुलांचे प्रशिक्षण, डॉक्टर, चांगली मैदाने यांकडे लक्ष गेले. पण त्या अटींबरोबर खेळाडूची कायम नोकरीची वाटही अव्वल श्रेणीतून गेली आणि तिच्या जागी एक-दोन वर्षांचा करार आला. पैसे जास्त, मुदत थोडी. शिरवळच्या आणि खेड-शिवापूरच्या पट्ट्यात कायम कामगाराच्या शेजारी उभा राहून तेच काम करणारा कंत्राटी कामगार आपण रोज पाहतो. येथे कंत्राटी माणसाचा पगार कमी नसून जास्त आहे, इतकाच निराळेपणा. मुदत संपली की दोघेही सारखेच मोकळे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ, कारण हे सर्व पुण्यात जितके स्पष्ट दिसले तितके कोठे दिसले नाही. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीला क्रीडासंकुल बांधले. त्या मैदानावर दहा-बारा वर्षांत तीन अव्वल संघ येऊन गेले. पहिला पुणे एफ. सी., २००७ साली पिरामल घराण्यातील एका उद्योगसमूहाने उभा केलेला. हा संघ दुसऱ्या श्रेणीतून रीतसर खेळून वर आला. २००९-१० ला पहिल्याच हंगामात तिसरा, २०१२-१३ ला दुसरा. महिंद्रला विजेतेपद मिळवून देणारे गोव्याचे डेरिक परेरा त्याचे प्रशिक्षक होते. मुलांची अकादमीही चांगली चालली होती. आम्ही भोरहून एस. टी. ने स्वारगेट आणि तेथून बालेवाडी असे करून त्याचे काही सामने पाहिले आहेत. गर्दी तुडुंब नसे, पण जी माणसे येत ती पुन्हा पुन्हा येत. २०१५ साली संघ बंद झाला. दुसरा भारत एफ. सी., कल्याणी समूहाचा. त्याला २०१४-१५ साली खालून न चढता थेट अव्वल श्रेणीत जागा मिळाली आणि एक हंगाम खेळून तो मिटला. तिसरा एफ. सी. पुणे सिटी, २०१४ पासून २०१९ पर्यंत. त्याची गोष्ट पुढे येईल.

भारत एफ. सी. च्या त्या एका हंगामात जे घडले ते नियमांचा अभ्यास करणाऱ्याने जरूर पाहावे. अकरा संघांत तो तळाला, अकरावा आला. नियमाप्रमाणे तो खाली जायला हवा. पण पैसे घालून थेट आलेल्या संघाला पहिली काही वर्षे खाली न पाठवण्याची सूट होती. म्हणून त्याच्या वरचा, दहावा, खाली गेला. तो कोण? धेंपो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला, त्यावेळी देशातला सर्वांत यशस्वी संघ. धेंपो खाली गेला आणि ज्याच्यासाठी गेला तो भारत एफ. सी. काही दिवसांतच बंद पडला. एक पायरी गेली आणि तिच्यावर उभे राहणारेही कोणी उरले नाही.

हे चालले असताना दुसरीकडे एक वेगळीच इमारत उभी राहत होती. २०१० च्या डिसेंबरात महासंघाने आय. एम. जी.-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. आपल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क त्या कंपनीकडे गेले. त्यातून २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग निघाली. आठ शहरांना आठ संघ, सिनेनट आणि क्रिकेटपटू भागीदार, परदेशातले उतारवयाचे नामवंत खेळाडू, आणि सव्वादोन महिन्यांचा हंगाम. प्रत्येकाचे १४ सामने. पहिले चार उपांत्य फेरीत, मग अंतिम सामना. म्हणजे पुढची निम्मी साखळी आणि मागची निम्मी बाद. २० डिसेंबर २०१४ रोजी नवी मुंबईत कोलकात्याने केरळला १-० असे हरवले. लोकांनी गर्दी केली, हे मान्य केले पाहिजे. कोचीला तर मैदान अपुरे पडू लागले. खेळाडूंचे पगारही चढले.

पण या लीगला खाली जाण्याचे दारच ठेवले नव्हते. शहराचा संघ म्हणजे अमेरिकेतल्या रीतीचा परवाना: पैसे भरून घ्यायचा, दरसाल शुल्क भरायचे, तळाला आले तरी जागा पक्की. खालून कोणी वर यायचे नाही. पहिली तीन वर्षे आय-लीग हीच अधिकृत अव्वल श्रेणी होती. मग २०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी चालू लागल्या आणि २०१९ साली आशियाई महासंघाच्या साक्षीने ठरले की अव्वल श्रेणी सुपर लीग आणि आय-लीग तिच्या खाली. त्या वर्षापासून सुपर लीगच्या साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला शील्ड आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगची वाट मिळू लागली. पहिला मान गोव्याच्या संघाला. नंतरच्या बाद फेऱ्यांतून चषकाचा विजेता वेगळा निघे. म्हणून एकाच हंगामात दोन विजेते असू शकत. २०२०-२१ साली मुंबई सिटीने आणि २०२४-२५ साली मोहन बागानने दोन्ही एकदम मिळवले.

हा बदल घडत असताना, २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि त्या वर्षी खाली गेलेल्या मिझोरामच्या ऐझॉल संघाला परत बोलावले. त्या ऐझॉलने पुढच्याच हंगामात, २०१६-१७ साली, १८ सामन्यांत ३७ गुण करून, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून देशाचे विजेतेपद जिंकले! त्यांचे प्रशिक्षक खालिद जमील. महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफ. सी. ने नुकताच निरोप दिलेला माणूस. २०२५ साली तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. आणि मुंबई एफ. सी.? त्याच हंगामात तो तळाला जाऊन खाली गेला आणि संपला. पण ऐझॉलला विजेता होऊनही सुपर लीगचे दार उघडले नाही. खालून वर येण्याची वाट पुढे २०२३ साली उघडली. आधी पंजाबचा संघ, मग २०२४ साली मोहम्मेडन स्पोर्टिंग तिने वर आले. वरून खाली मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत एकही संघ गेला नव्हता.

खाली न जाण्याची ही हमी संघाला वाचवते, असे परवानेवाले सांगत. पुण्याच्या तिसऱ्या संघाचे पाहा. एफ. सी. पुणे सिटी २०१७-१८ साली साखळीत चौथा येऊन उपांत्य फेरीत गेला. दुसऱ्या वर्षीनंतर पैशाअभावी तो उठला, आणि २०१९ साली त्याची जागा हैदराबादला गेली. तिथल्या संघाने २०२२ साली चषकही जिंकला, मग त्याचीही घडी विस्कटली आणि २०२५ साली नवीन मालकाने तो दिल्लीला नेला. बालेवाडीत ज्यांनी भगवी-जांभळी उपरणी गळ्यात घालून आरडाओरडा केला त्यांना कोणी विचारले नाही, विचारण्याची काही व्यवस्थाही नव्हती. खालच्या श्रेणीत गेलेला संघ गावातच राहतो; विकलेला परवाना गाव सोडतो.

आय-लीगचेही बरे चालले होते असे नाही. २०२४-२५ चा तिचा विजेता मैदानावर ठरलाच नाही. गुणांचा वाद स्वित्झर्लंडमधील क्रीडालवादापर्यंत गेला आणि जुलै महिन्यात इंटर काशी संघाला विजेता ठरवले गेले. आम्हां संघटनेच्या माणसांना लवादाची सवय आहे, पण तिथेसुद्धा निकाल लागेपर्यंत यंत्रे चालू असतात.

त्याच २०२५ च्या जुलैत खरा घाव बसला. पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार, नवीन झालेला नाही, महासंघाच्या घटनेचा दावा सर्वोच्च न्यायालयात, म्हणून सुपर लीगचा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफ. सी. ने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नई आणि ओडिशाच्या संघांकडूनही तशाच बातम्या आल्या. देशाच्या राष्ट्रीय संघातली माणसे घरी बसून होती. नोव्हेंबरात खेळाडूंनी एकत्र निवेदन काढले, की आम्हांला खेळायचे आहे. ८ डिसेंबरला करार संपला. अखेर २०२६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने चौदा संघांचा आखूड हंगाम घेण्याचे जाहीर केले. ज्याला टाळेबंदी म्हणतात, ती मालकाने तरी कारखान्याला लावलेली असते. येथे मालक कोण हेच सहा महिने ठरेना.

खेळाडूंची संघटना नव्हती का? होती, आणि आहे. २००६ साली भायचुंग भुतियाच्या पुढाकाराने फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया निघाली, तिने थकलेल्या पगारांचे दावेही लढवले. पण तिचे बळ अपुरे आहे. इंग्लंडचा मार्ग येथे आठवतो. तिथे १९०१ पासून खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून जास्त द्यायचे नाहीत असा नियम होता. १९०७ साली मँचेस्टरात बिली मेरेडिथ वगैरेंनी युनियन काढली. १९०९ साली तिने कामगार संघटनांच्या महासंघाशी नाते जोडण्याचे ठरवताच फुटबॉल संघटनेने फर्मान काढले: युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा. बहुतेकांनी सोडली. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी सोडली नाही. स्वतःला ‘बहिष्कृत संघ’ म्हणवून त्यांनी तशी पाटी पुढे ठेवून फोटो काढला. युनियन टिकली. पण पगाराची ती मर्यादा उठायला १९६१ साल उजाडले, आणि तेही जिमी हिल या अध्यक्षाच्या मागे सर्व श्रेण्यांतले खेळाडू संपाला तयार झाले तेव्हा. तोवर मर्यादा वीस पौंडांवर आली होती. म्हणजे चोपन्न वर्षे लागली. तिथल्या यशाचे एक कारण असे, की वरच्या श्रेणीतले गाजलेले खेळाडू चौथ्या श्रेणीतल्या अनामिकाबरोबर उभे राहिले. आपल्याकडे सुपर लीग आणि आय-लीग यांच्यातले दार बरीच वर्षे बंद राहिल्यामुळे तो जिव्हाळा जुळायला वेळ लागतो आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

मालकाशिवाय संघ चालतच नाही का, असा प्रश्न कोणी करील. त्याला आमचे उत्तर कोल्हापूर. तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची वरिष्ठ गटाची लीग सोळा संघांत शाहू स्टेडियमवर होते आणि पेठच्या पेठ लोटते. खेळाडू पेठेत राहतो, वर्गणी पेठ देते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. तिथे अभिमानापायी हाणामाऱ्याही होतात आणि राष्ट्रीय लीगचा खर्च पेठेला झेपणारा नाही, हे खरे. पण एखादी पेठ एका सकाळी उठून आपला संघ हैदराबादला विकील, हे संभवत नाही. पुणे जिल्हा संघटनेची लीगही श्रेणीश्रेणींनी चालते. भोरच्या मुलांना पायाने वर चढायचे तर पहिली पायरी ती आहे, टीव्हीवरची नव्हे.

तेव्हा जे पालक विचारतात त्यांना आम्ही असे सांगतो. मुलाला खेळू द्या, दहावी-बारावी सोडवू नका. अकादमीची फी भरण्यापूर्वी तिचा संघ कोणत्या श्रेणीत खेळतो आणि तिथे कसा आला, खेळून की भरून, हे विचारा. करार पुढे आला तर मुदत किती, दुखापतीत पगार आणि औषधपाणी कोणाकडे, संघ बंद झाला किंवा दुसऱ्या गावी गेला तर उरलेल्या महिन्यांचे काय, ही कलमे मराठीत करून घेऊन दिव्याखाली बसून वाचा. आणि सही कोणाची आहे ते पाहा: संघाच्या नावाची, की त्यामागच्या कंपनीची. थकलेला पगार मागायला जाताना दावा त्याच नावावर लावावा लागतो.